आधी दिसा, मग पाहा

घरी बांधलेले विमान ही आता आपल्याकडे नुसती कल्पना राहिलेली नाही. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने मुंबईत, कांदिवलीच्या चारकोप भागातील एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले. असे विमान बांधणाऱ्याला इंजिन, पंख, चाके यांच्याबरोबर आणखी एक निवड करावी लागते: आकाशात दुसऱ्या विमानाशी टक्कर होऊ नये म्हणून कोणते यंत्र बसवायचे? या निवडीबद्दल माझे एक ठाम मत आहे. ते सांगण्यापूर्वी थोडे गणित करू.

वैमानिकाला डोळे आहेत, मग यंत्र कशाला, असे तुम्ही विचाराल. समजा, दोन लहान विमाने ताशी २०० कि.मी. वेगाने समोरासमोर येत आहेत. त्यांचा सापेक्ष वेग ताशी ४०० कि.मी., म्हणजे सेकंदाला सुमारे १११ मीटर झाला. विमानाच्या पंखांचा विस्तार १० मीटर धरला, तर १ कि.मी. अंतरावरून ते साधारण अर्ध्या अंशाच्या कोनात, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढे रुंद दिसेल. परंतु त्या क्षणी टक्करीला फक्त ९ सेकंद उरलेले असतात! वस्तू दिसणे, ती विमान आहे हे ओळखणे, निर्णय घेणे आणि विमान प्रत्यक्ष वळणे या सर्वांना मिळून सुमारे साडेबारा सेकंद लागतात असे मानले जाते. याचा अर्थ, समोरचे विमान चंद्राएवढे दिसेपर्यंत थांबलो तर उशीर झालेला असतो.

यात आणखी एक मेख आहे. दोघे एकाच वेगाने व दिशेने जात राहिले आणि टक्करीच्या मार्गावर असले, तर एकाला दुसरा नेहमी एकाच कोनात दिसतो. काचेवर तो ठिपका जागचा हलत नाही, फक्त हळूहळू मोठा होतो. आणि आपली नजर हलणारी वस्तू चटकन टिपते, स्थिर वस्तू नाही. समोरची नौका एकाच दिशेला राहून मोठी होऊ लागली की आपण वळायचे, हे मिरकरवाड्याच्या तांडेलाला पुस्तक न वाचता ठाऊक असते. शिक्षकांनी हा प्रयोग शाळेच्या मैदानावर जरूर करून पाहावा. दोन विद्यार्थ्यांना एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन रेषांवरून एकाच बिंदूकडे सारख्या वेगाने चालू द्या. प्रत्येकाने हाताने दुसऱ्याकडे निर्देश करीत राहावे. दोघे एकाच वेळी बिंदूवर पोहोचणार असतील तर हात वळणार नाही. एकाने वेग वाढवला की हात वळू लागतो, आणि टक्करही टळते.

डोळ्यांची ही मर्यादा भरून काढण्यासाठी मोठ्या विमानांत 'टी-कॅस' नावाची यंत्रणा असते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे व कझाकस्तानचे अशी दोन विमाने आकाशात धडकली आणि ३४९ जण मृत्युमुखी पडले. त्या विमानांत ही यंत्रणा नव्हती. या अपघातानंतर भारतात मोठ्या विमानांसाठी ती सक्तीची झाली.

तिचे कार्य सोपे आहे. ती १०३० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी विचारते, 'आसपास कोण आहे?' दुसऱ्या विमानातील ट्रान्सपॉन्डर, म्हणजे प्रतिसादक, १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो आणि आपली उंचीही कळवतो. रेडिओलहरींना १५० मीटर जाऊन परत यायला १ मायक्रोसेकंद लागतो. तेव्हा उत्तराला लागलेल्या वेळावरून अंतर निघते. अंतराला जवळ येण्याच्या वेगाने भागले की टक्करीला किती सेकंद उरले ते कळते. दिशा मात्र तितकी अचूक कळत नाही. दिशेत ५ अंशांची चूक झाली तर १० कि.मी. अंतरावर ती जवळजवळ ९०० मीटर भरते. म्हणून ही यंत्रणा 'डावीकडे वळा' असे सांगत नाही. 'वर चढा' किंवा 'खाली उतरा' एवढेच सांगते.

मग लहान विमानात हीच का बसवू नये? एक तर तिला विमानाच्या पाठीवर व पोटाखाली अँटेना, रेडिओ उंचीमापक, गणक असा बराच सरंजाम लागतो. दुसरे म्हणजे 'वर चढा' या आज्ञेत मिनिटाला सुमारे १५०० फूट चढण्याची अपेक्षा असते. एका इंजिनाच्या कित्येक लहान विमानांना ते झेपत नाही. जी आज्ञा पाळता येणार नाही ती देणारे यंत्र काय कामाचे?

लहान विमानासाठी दुसरे पर्याय आहेत. पहिला, नुसता ऐकणारा ग्राहक. तो इतरांच्या प्रतिसादकांची उत्तरे ऐकतो आणि संदेशाच्या तीव्रतेवरून अंतराचा अंदाज बांधतो. व्यस्त वर्गाचा नियम तुम्ही शिकला आहात. समोरच्याच्या प्रेषकाची शक्ती चौपट असली तर तो आहे त्याच्या निम्म्या अंतरावर भासेल! दुसरा पर्याय 'एडीएस-बी'. यात प्रत्येक विमान उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान ठरवते आणि कोणी विचारले नाही तरी ते सतत प्रसारित करते. तिसरा, २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ग्लायडरांसाठी निघालेला 'फ्लार्म'. तो स्वस्त व हलका आहे, परंतु मुख्यतः फ्लार्म असलेल्यांनाच ओळखतो.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे, आणि माझे मत तिच्यावरच आधारलेले आहे. यांपैकी एकही यंत्र गप्प बसलेल्या विमानाला पाहू शकत नाही. टी-कॅसने कितीही विचारले तरी उत्तर देणारा प्रतिसादक नसेल तर तिच्या लेखी आकाश रिकामेच! म्हणून घरी विमान बांधणाऱ्याने पहिला रुपया रंगीत पडद्यावर खर्च करू नये. उंची कळवणाऱ्या प्रतिसादकावर करावा, आणि शक्य असेल तर आपले स्थान प्रसारित करणाऱ्या प्रतिसादकावर. तो बसवला की मोठ्या विमानांची टी-कॅस आणि जमिनीवरील रडार या दोहोंना तुम्ही दिसू लागता. दुसऱ्याने लाखो रुपये खर्चून बसवलेली यंत्रणा तुमचेही रक्षण करू लागते. ग्राहक व पडदा त्यानंतर.

कोणी म्हणेल, लहान विमान मोकळ्या आकाशात खालून उडते, तेथे मोठी विमाने कोठली? परंतु शिरपूर, बारामती येथे विमानचालनाचे प्रशिक्षण चालते. तेथे लहान विमानाला धोका लहान विमानाचाच. प्रत्येकाने फक्त ऐकणारे यंत्र घेतले तर सगळे कान देऊन बसतील आणि बोलणारा कोणीच नसेल.

आणि यंत्र कोणतेही असो, त्याचे कधी व कसे ऐकायचे हे आधीच ठरलेले असावे. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगेन येथे दोन्ही विमानांत टी-कॅस होती. एका विमानात ती 'वर चढा' सांगत होती आणि जमिनीवरचा नियंत्रक 'खाली उतरा' म्हणत होता. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. दुसरे विमान आपल्या टी-कॅसप्रमाणे खालीच उतरत होते. ७१ जण गेले. म्हणून लहान विमानातील यंत्राने फक्त 'अमुक दिशेला पाहा' एवढे सांगावे, आणि वैमानिकाने पडद्यात डोके न घालता काचेबाहेर पाहावे, हेच बरे.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या विमान बांधील. इतर कोण आहेत हे जाणण्याची इच्छा आपल्या सर्वांनाच असते. आपण आहोत हे इतरांना कळवणे हे मात्र आपण दुय्यम समजतो. रात्री बिनदिव्याच्या सायकलीवरून जाणारा म्हणतो, 'मला रस्ता दिसतो आहे ना!' प्रश्न तो नसतो. समोरून येणाऱ्याला तो दिसतो का, हा असतो. सुरक्षितता ही एकट्याने विकत घेण्याची वस्तू नाही. तिचा निम्मा भाग नेहमी दुसऱ्याच्या हातात असतो, आणि त्याला तो पार पाडता यावा म्हणून आपण आधी दिसले पाहिजे.