इंजिनाच्या धुराचा रंग ओळखा



रावेर-यावलची केळी असो की शिरपूर-शिंदखेड्याची कपाशी, वीज गेली की विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची आठवण होते. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि पुढे अशी इंजिने गावोगाव दिसू लागली. आता विजेच्या मोटारी आणि सौरपंप आले, तरी अडीनडीला इंजिन लागतेच. ते बंद पडण्याआधी धुरातून इशारा देत असते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, त्या दाबाने हवा ५०० अंशांहून जास्त तापते आणि नोझलमधून आलेली डिझेलची बारीक फवार तीत पेटते. हवा पुरेशी, फवार बारीक आणि दाब पुरा असेल, तर धूर जेमतेम दिसतो.

काळा धूर : डिझेल जास्त, हवा कमी. अर्धवट जळलेल्या डिझेलची ही काजळी, म्हणजे तुमचा पैसाच हवेत जातो. आधी हवेची जाळी साफ करा. मळणी-नांगरटीच्या दिवसांत ती धुळीने लवकर बुजते. मग इंजिनावर भार जास्त पडतो का ते बघा. तरीही धूर काळाच असेल, तर नोझल टपकत असेल. ते मिस्त्रीकडून तपासून घ्या. फवार कधीही हातावर घेऊन बघू नका. ती कातडीत घुसते.

निळा धूर : इंजिन ऑइल जळते आहे. दांडीवरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरले आहे का, ते आधी बघा. तसे नसेल, तर रिंगा किंवा लायनर झिजले असे समजा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या फवारणी पंपाला थोडा निळसर धूर असतोच. तो दाट झाला, तर मिश्रणात ऑइल जास्त पडले असेल. पुस्तिकेतले प्रमाण पाळा.

पांढरा धूर : थंडीत सकाळी चालू करताना थोडा वेळ आला तर काळजी नाही. इंजिन तापल्यावरही येत राहिला, तर डिझेलमध्ये पाणी, कमी पडलेला दाब किंवा डिझेल सोडण्याची चुकलेली वेळ, यांपैकी काहीतरी आहे. थंड करण्याचे पाणीही घटत असेल, तर हेडचे गॅस्केट बघा.

आता सर्वांत महत्त्वाचे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. वरचा पंप साधारण २०-२२ फुटांपेक्षा खोलचे पाणी ओढत नाही, म्हणून उन्हाळ्यात काहीजण इंजिनच विहिरीत उतरवतात. तिथे हा वायू साचतो आणि उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो. धुराची नळी काठावर आणली तरी सांध्यांतून वायू गळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरला, तर तोही जातो. इंजिन वरच ठेवा; पाणी खोल गेले असेल तर पाणबुडी मोटार बसवा. कोणी आत पडलेच, तर मागोमाग उतरू नका. वरूनच डिझेल तोडून इंजिन बंद करता आले तर करा, माणसे बोलवा आणि १०८ ला फोन लावा.

एका पाळीचे पाणी चुकले तर पुढच्या पाळीला देता येते. घरातल्या पोरांनाही हे आजच सांगून ठेवा.