घरचे वाय-फाय : कुलूप कोणी लावायचे?

२६ जुलै २००८च्या संध्याकाळी अहमदाबाद शहर बॉम्बस्फोटांच्या मालिकेने हादरले. ५६ जणांचे प्राण घेणाऱ्या या घातपाताची जबाबदारी स्वीकारणारा ई-मेल पहिला स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांकडे पोचला होता. तो कोठून निघाला याचा माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेच्या दाराशी आल्या. तेथे एक अमेरिकी नागरिक राहत होता. त्याचे संगणक जप्त झाले, कसून चौकशी झाली. कटाशी त्याचा संबंध नसल्याचे अखेरीस निष्पन्न झाले. त्याच्या घरातील वायरलेस इंटरनेट उघडे होते आणि कोणीतरी त्याचा फायदा घेतला होता, एवढेच त्यात तथ्य होते.

हा प्रकार तेथेच थांबला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या आणि १३ सप्टेंबरला, दिल्लीतील स्फोटांच्या वेळी, चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून असेच संदेश धाडण्यात आले. दोन्ही ठिकाणच्या लोकांना आपल्या जोडणीचा असा वापर होत असल्याची गंधवार्ताही नव्हती. जानेवारी २००९मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन फिरणारी पथके नेमून शहरातील असुरक्षित वाय-फाय शोधण्याची मोहीम जाहीर केली. पाठोपाठ फेब्रुवारीत केंद्रीय दूरसंचार विभागाने वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या. मात्र घरातील वायरलेस जाळ्याची जबाबदारी नेमकी कोणाची, या मूळ प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अजूनही मिळालेले नाही.

एक जोडणी, अनेक संगणक

केंद्र सरकारने २००४ साली ब्रॉडबँड धोरण आखले, तेव्हा सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगाला ब्रॉडबँड म्हटले जात होते. घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एकच संगणक असे. पुढे मुलांसाठी दुसरा संगणक आला, कार्यालयाचा लॅपटॉप घरी येऊ लागला आणि एकाच जोडणीवर ही सारी यंत्रे कशी चालवायची, असा प्रश्न उभा राहिला. मुंबईतील इमारतींमध्ये केबलवाल्याने गच्चीवरून सोडलेली निळी वायर खिडकीतून एका खोलीत यायची, दुसऱ्या खोलीपर्यंत न्यायची तर भिंतीला भोके पाडावी लागत. जानेवारी २००५मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरील वापरासाठीही परवानामुक्त झाला. राउटर स्वस्त होत गेले, तशी घरोघरची वायरींची गुंतागुंत सुटत गेली.

आज चित्र पालटले आहे. ब्रॉडबँडची व्याख्या २०२३मध्ये सेकंदाला किमान दोन मेगाबिटवर नेण्यात आली. तारेने जोडलेल्या ब्रॉडबँडच्या ग्राहकांची देशातील संख्या चार कोटींच्या पुढे गेली आहे. मार्च २०२०च्या टाळेबंदीने घराचे कार्यालय आणि वर्ग केले. आता त्याच राउटरला दूरचित्रवाणी संच, दारावरचा कॅमेरा आणि आजोबांचा मोबाइलही जोडलेला असतो. बँकेचे व्यवहारही त्याच मार्गाने होतात.

पत्ता घराचा, माणसाचा नव्हे

या सोयीच्या पोटातच अडचण दडली आहे. इंटरनेट कंपनी घराला बाहेरच्या जगासाठी एक पत्ता देते. राउटर घरातील प्रत्येक यंत्राला स्वतःचा खासगी क्रमांक देतो आणि सर्वांची ये-जा त्या एका पत्त्यावरून चालवतो. म्हणूनच एका जोडणीवर दहा यंत्रे चालतात. मात्र बाहेरून पाहणाऱ्याला ती दहा यंत्रे वेगवेगळी दिसत नाहीत, दिसतो तो घराचा एकच पत्ता. संदेश वडिलांनी पाठवला, मुलाने पाठवला की जिन्यात बसलेल्या अनोळखी माणसाने, हे त्या पत्त्यावरून कळत नाही. घरगुती राउटर जुन्या नोंदी फार काळ सांभाळत नाहीत, अनेक राउटरमधील नोंदी वीज गेली की पुसल्या जातात. त्यामुळे पोलीस दाराशी आले, तर ‘हे आम्ही केले नाही’ असे सांगणाऱ्या कुटुंबाच्या हाती बहुधा कोणताच पुरावा नसतो.

कायदा घुसखोराला मोकळा सोडत नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक जाळ्यात शिरणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३मध्ये बसते. त्यामागे अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा हेतू असेल, तर कलम ६६नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु घुसखोर सापडेपर्यंत संशयाची पहिली सावली जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्यावरच पडते. सानपाड्याच्या घटनेने हेच दाखवून दिले.

कुलपे आहेत, पण...

तांत्रिक उपाय नाहीत असे नाही. वाय-फायचे सुरुवातीचे डब्ल्यूईपी हे कुलूप किती तकलादू आहे, हे संशोधकांनी २००१ मध्येच सिद्ध केले होते. २००४मध्ये डब्ल्यूपीए-२ आले. त्यातील एक गंभीर त्रुटी २०१७मध्ये उघड झाली आणि २०१८मध्ये डब्ल्यूपीए-३ची घोषणा झाली. आजच्या राउटरमध्ये यांपैकी शेवटचे दोन पर्याय मिळतात आणि घरासाठी तेच निवडावेत. तथापि, कुलूप कितीही भक्कम असले तरी किल्ली दारातच टांगून ठेवली, तर उपयोग काय? मोबाइल क्रमांक हाच वाय-फायचा पासवर्ड ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. डब्ल्यूपीए-२ वापरणाऱ्या जाळ्यात दहा आकड्यांच्या सर्व शक्यता पडताळून पाहणे, हे ताकदवान संगणकाला काही तासांचेच काम आहे. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला लांबलचक पासवर्ड लक्षात ठेवायला सोपा आणि फोडायला कठीण असतो.

दुसरी गोष्ट अनेकांच्या गावीही नसते. राउटरला दोन पासवर्ड असतात, एक वाय-फायला जोडून घेण्याचा आणि दुसरा राउटरची व्यवस्था बदलण्याचा. पहिला बदलला जातो, दुसरा कारखान्यातून आला तसाच राहतो. जुलै २०१७मध्ये देशातील सरकारी दूरसंचार कंपन्यांच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका घातक प्रणालीने निकामी केले, तेव्हा हा मूळ पासवर्ड बदलून घ्या, असे आवाहन ग्राहकांना करावे लागले. ज्यांना असा पासवर्ड असतो हेच ठाऊक नव्हते, त्यांनी तो बदलावा तरी कसा?

याखेरीज बटण दाबून यंत्र जोडण्याची डब्ल्यूपीएस ही सोय बंद ठेवावी, कारण तिच्या आकडी पिनमधील कच्चा दुवा २०११ मध्येच उघड झाला आहे. राउटरची अंतर्गत प्रणाली अद्ययावत ठेवावी. पाहुण्यांसाठी व कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांसाठी वेगळे ‘गेस्ट’ जाळे सुरू करावे. जाळ्याचे नाव लपवले की आपण सुरक्षित झालो, हा मात्र भ्रम आहे, कारण साध्या साधनांनी ते नाव शोधता येते. राउटर शक्यतो घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. खिडकीतला राउटर घरापेक्षा रस्त्यालाच अधिक सेवा देतो. तरीही भिंतींवर विसंबून चालणार नाही, वरच्या-खालच्या मजल्यांपर्यंत लहरी पोचतातच.

ग्राहकावरच सारा भार का?

हे सारे उपाय दहा-पंधरा मिनिटांचे आहेत. पण ते करणार कोण? जोडणी द्यायला आलेला कर्मचारी वेग दाखवतो, पासवर्ड म्हणून ग्राहकाचा मोबाइल क्रमांक टाकतो आणि पुढच्या घराकडे निघतो. त्यालाही दिवसाच्या जोडण्यांचा आकडा गाठायचा असतो. उपकरण बनवणारा, सेवा देणारी कंपनी आणि सरकार या तिघांकडे तज्ज्ञ आहेत. ते नाहीत फक्त ग्राहकाकडे, आणि सुरक्षेचा भार मात्र त्याच्याच खांद्यावर आहे.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून, सर्व नगांना एकच ठरावीक पासवर्ड घालून घरगुती इंटरनेट उपकरणे विकण्यास कायद्याने मनाई आहे. म्हणजे कुलूप लावूनच वस्तू बाजारात आली पाहिजे, ही जबाबदारी तेथे उत्पादकावर टाकण्यात आली. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या सूचना निघतात, पण त्या ग्राहकाच्या घरापर्यंत पोचतात का, हाच कळीचा मुद्दा आहे. जोडणी देतानाच दोन्ही पासवर्ड ग्राहकाच्या हातून बदलून घेणे आणि त्याला कळेल अशा मराठीत एक पानी माहिती देणे, हा सेवेचाच भाग मानला गेला पाहिजे. वीजजोडणी देताना आपण मीटर व फ्यूज ग्राहकाच्या अक्कलहुशारीवर सोडत नाही.

तोपर्यंत सावध राहणे ग्राहकाच्याच हाती आहे. शेजाऱ्याला अडीअडचणीला पासवर्ड देणे हा आपला शेजारधर्म आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र तो कोणाला दिला याची आठवण ठेवावी आणि काम झाल्यावर तो बदलावा. घराची किल्ली देताना आपण जेवढा विचार करतो, तेवढाच येथेही करायला हवा. सानपाड्याच्या त्या रहिवाशाला असे सांगणारे तेव्हा कोणी नव्हते.