चार प्रकारचं टेस्टोस्टेरॉन, म्हणे!

‘सस्टॅनॉन घे, त्यात चार प्रकारचं टेस्टोस्टेरॉन असतं. एनान्थेट साधं. सायपियोनेट अमेरिकेत चालतं, म्हणजे ते आणखी भारी.’ जिममध्ये हे शहाणपण फुकट मिळतं, आणि कमी टेस्टोस्टेरॉनचं निदान झालेला पन्नाशीचा गृहस्थही मग डॉक्टरांकडे जाऊन ‘चारवालं’ मागतो.

या दाव्यात तथ्य नाही. टेस्टोस्टेरॉन एकच आहे. नुसतं टोचलं तर ते शरीरात फार टिकत नाही, म्हणून त्याला एक आम्ल जोडून एस्टर बनवतात आणि तेलात विरघळवतात. स्नायूतून ते हळूहळू रक्तात येतं, तिथे एस्टर सुटतो आणि उरतं ते तेच टेस्टोस्टेरॉन. एनान्थेटच्या आम्लात सात कार्बन, सायपियोनेटच्या आम्लात आठ. शंभर मिलिग्रॅम एनान्थेटमध्ये खरं टेस्टोस्टेरॉन सुमारे 72 मिलिग्रॅम, सायपियोनेटमध्ये 70. एवढ्या फरकावर कोणी पक्ष बांधू नये. अमेरिकेत सायपियोनेट आणि युरोपात एनान्थेट रूढ झालं, ते बाजारपेठेच्या इतिहासामुळे. त्यात सरस-निरसचा प्रश्न नाही.

सस्टॅनॉन 250 मध्ये चार एस्टर आहेत हे मात्र खरं: प्रोपियोनेट 30, फिनाइलप्रोपियोनेट 60, आयसोकॅप्रोएट 60 आणि डेकॅनोएट 100 मिलिग्रॅम. लवकर सुटणारा एस्टर आधी, सावकाश सुटणारा नंतर, म्हणजे पातळी सपाट राहील, असा हिशेब होता. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात लवकर सुटणारे आणि सावकाश सुटणारे सुरुवातीला एकत्रच रक्तात येतात. एक-दोन दिवसांत पातळी उंच उसळी घेते आणि तीन आठवड्यांच्या सुमारास सामान्य मर्यादेच्या तळाशी येते. पहिल्या आठवड्यात अंगात वारं शिरल्यासारखं आणि तिसऱ्यात मरगळ, ही तक्रार तिथूनच येते. शिवाय त्यात शेंगदाण्याचं तेल असतं. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्यांनी ते घेऊ नये.

मग तुलना करायची कशाची? दोन सुयांमधल्या अंतराची. एनान्थेट किंवा सायपियोनेटचे 200 मिलिग्रॅम दोन आठवड्यांनी घेण्यापेक्षा 100 मिलिग्रॅम दर आठवड्याला घेतले तर चढउतार कमी होतात. औषध तेच, पण गुण बदलला. हे सांगायला कुठल्या कंपनीचा माणूस येणार नाही, कारण त्यात विकायला नवं काही नाही.

अनडेकॅनोएट हा एस्टर मात्र खरोखर वेगळा आहे. एरंडेल तेलातली 1000 मिलिग्रॅमची ही सुई चार मिलिलिटरची असते. ती खुब्याच्या स्नायूत अगदी सावकाश द्यावी लागते, आणि दुसऱ्या सुईनंतर दहा ते चौदा आठवड्यांनी एकच पुरते. वर्षाला चार-पाच सुया! पण तेल चुकून रक्तवाहिनीत शिरून फुफ्फुसापर्यंत पोचलं तर सुई दिल्याबरोबर खोकल्याची उबळ येते, दम लागतो. म्हणून अमेरिकेत तिथली 750 मिलिग्रॅमची सुई दिल्यावर रुग्णाला अर्धा तास दवाखान्यातच बसवून ठेवायचा नियम आहे. आणि एकदा टोचलेलं तेल परत काढता येत नाही. रक्त दाट झालं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) 54 टक्क्यांवर गेला, तर आठवड्याच्या सुईवाला पुढची सुई चुकवून थांबतो. अनडेकॅनोएटवाला आतलं औषध संपायची वाट पाहत बसतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात कमी दिवस टिकणाऱ्या सुईने करावी, आणि मात्रा बसल्यावर ज्याला वारंवार टोचणं नको त्याने अनडेकॅनोएटकडे वळावं.

‘आता हृदयाला धोका नाही हे सिद्ध झालंय’ असंही सांगितलं जातं. 2023 च्या ट्रॅव्हर्स चाचणीत हृदयविकाराचे मोठे झटके वाढलेले दिसले नाहीत, हे बरोबर. पण त्या पाच हजारांवर पुरुषांना जेल लावायला दिलं होतं, इंजेक्शन नव्हतं. आणि हृदयाची अनियमित धडधड व फुफ्फुसातल्या गुठळ्या औषधाच्या गटात जास्त आढळल्या. हे दुसरं वाक्य जिममध्ये कोणी म्हणत नाही.

कुठली सुई, हा प्रश्न येतो लक्षणं असताना सकाळी उपाशीपोटी केलेल्या दोन वेगवेगळ्या दिवसांच्या तपासण्या कमी आल्यावरच. आणि ज्यांना मूल हवं आहे त्यांनी पहिल्या सुईआधीच ते डॉक्टरांना सांगावं: बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश थांबतो आणि शुक्रजंतूंची संख्या घसरते, मग सुईतला एस्टर कुठलाही असो.