मासे, दूध आणि कोड!

मित्र-मैत्रिणींनो, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने बघून घ्यावं! पण हा विषय इंग्लिश सेक्शनमध्ये देऊन काही उपयोग नव्हता. कारण ज्या वाक्याबद्दल लिहायचंय, ते आपण घरी मराठीतच बोलतो.

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही घरात जा. बांगड्याचं कालवण जेवून कुणी दुधाचा ग्लास उचलला, की आजी ओरडणारच, "अगं ठेव तो! माशांवर दूध घेतलं की कोड फुटतं!" होस्टेलवरही हा नियम आपण इमानेइतबारे पाळतो. थर्मोडायनॅमिक्सचे नियम एवढे पाळले असते तर केटी लागली नसती!

कुणी म्हणेल, नका पिऊ दूध, बिघडलं काय? दूध न प्यायल्याने काहीच बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. जिच्या हातावर खरंच पांढरा डाग येतो, तिला पहिला प्रश्न येतो, "काय खाल्लं होतंस?" म्हणजे आजार तिलाच आणि आरोपीही तीच! माझ्या ओळखीची एक मुलगी आपल्या या घामट हवेत मे महिन्यातही फुल स्लीव्हज घालते. डाग दुखत नाहीत तिचे. प्रश्न दुखतात.

आधी साधं लॉजिक बघू. बंगालमध्ये 'दोई माछ' म्हणजे दह्यातला मासा आवडीने खातात. युरोपात माशाच्या सूपमध्ये दूध-क्रीम घालतात. उलट भारतात कोडाचं प्रमाण जास्त म्हणून ज्या राज्यांची नावं घेतली जातात, ती गुजरात आणि राजस्थान. तिथे शाकाहारी लोक किती आहेत ते सांगायला नकोच!

मग कोड होतं कशाने? आपल्या रक्तात टी-पेशी नावाचे सैनिक असतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे, तिथे त्यांचं ट्रेनिंग होतं. ज्या पेशी आपल्याच शरीराला शत्रू समजतात, त्या तिथेच बाद होतात. तरी काही सुटतात. त्यांना आवरायला 'रेग्युलेटरी' टी-पेशी असतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या. त्यांना आणि अमेरिकेच्या मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांना याच कामासाठी २०२५ चं नोबेल मिळालं.

कोडामध्ये हा बंदोबस्त अपुरा पडतो. टी-पेशी त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर हल्ला करतात आणि इंटरफेरॉन-गॅमा नावाचा सिग्नल सोडतात. त्या सिग्नलमुळे त्वचा आणखी टी-पेशींना बोलावते. त्या आल्या की सिग्नल आणखी वाढतो. इंजिनिअर मंडळी, ओळखलंत ना? पॉझिटिव्ह फीडबॅक! शिवाय काही टी-पेशी त्वचेतच मुक्काम ठोकतात, म्हणून औषध थांबवलं की डाग पुष्कळदा त्याच जागी परत येतो. या सर्किटमध्ये पापलेटही नाही आणि दूधही नाही. थोडी आनुवंशिकता आहे, आणि दोष कुणाचाच नाही.

हा लूप तोडताही येतो. त्या सिग्नलचा मार्ग अडवणाऱ्या रक्सोलिटिनिब क्रीमला अमेरिकेत २०२२ मध्ये कोडासाठी मान्यता मिळाली. अल्ट्राव्हायोलेट किरणांचे उपचार तर त्याआधीपासून आहेत. उपचार लवकर सुरू केले तर फायदा जास्त. पण आपल्याकडे आधी सहा महिने पथ्य, मग कुणाचा तरी लेप, आणि शेवटी डॉक्टर! आजीचं वाक्य निरुपद्रवी नाही म्हणते, ते यासाठीच.

आणि हो, 'श्वेतकुष्ठ' हा शब्दही सोडून द्या. कुष्ठरोग जंतूमुळे होतो (आणि औषधाने बरा होतो). कोडात जंतू नाही, त्यामुळे ते लागत नाही. एका ताटात जेवा, टॉवेल वापरा, काहीही होत नाही.

आपल्या मराठीत यावर काम झालेलं आहे. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, स्वतःला कोड असताना, श्वेता असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' (२००६) हा सिनेमा कोड असलेल्या एका डॉक्टर मुलीच्या लग्नाभोवती फिरतो. गॅदरिंगच्या वेळी कॉमन रूममध्ये एकदा लावाच!

आजीशी भांडा असं मी म्हणत नाही. तिने सांगितलं तर ग्लास खाली ठेवा, तिचं मन राखा. पण डाग असलेल्या मुलीला "काय खाल्लंस?" असं विचारू नका. त्याऐवजी "जेवलीस का?" विचारा, आणि तिच्याच टेबलावर ताट घेऊन बसा.

बघा, पटतंय का!

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)