टीव्हीचा मॉनिटर : दोष पडद्याचा की भिंतीचा?

घरात ३२ इंची टीव्ही आहे, त्यालाच संगणक जोडला तर मॉनिटरचा खर्च वाचतो, मग बिघडले कुठे? मुलांचे डोळे तपासून घ्यायला येणारे पालक हा प्रश्न मला हमखास विचारतात. विचारतानाही थोडे बिचकतातच, कारण ‘टीव्हीच्या किरणांनी पोराचे डोळे जातील’ असे शेजारीपाजारी कुणीतरी आधीच बजावलेले असते.

ही भीती प्रथम मनातून काढून टाकावी. आजचा एलईडी टीव्ही आणि एलईडी मॉनिटर यांचा प्रकाश एकाच जातीचा. युक्तीही नवी नाही. १९८२ साली इंग्लंडात निघालेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा छोटा संगणक घरच्या टीव्हीलाच जोडत असत. माझ्या मते दोष टीव्हीचा नाही, तो ज्या ब्रॅकेटवर टांगला आहे त्याचा आहे.

आपल्याकडे टीव्ही भिंतीवर उंच बसवतात. पलंगावर लोळून मालिका पाहायला ते ठीक. पण त्याच्यासमोर खुर्ची ओढून मुलगा दोन तास अभ्यास करतो तेव्हा त्याची हनुवटी सतत वर असते. वर पाहताना पापण्या जास्त उघडतात, बुबुळाचा जास्त भाग हवेला लागतो आणि अश्रूंचा ओलावा लवकर उडतो. शिवाय पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते. मग चुरचुर, लाली, डोके दुखणे. पालक म्हणतात, ‘नंबर वाढला वाटतं.’ तपासावे तर नंबर तोच!

चाळिशी ओलांडलेल्यांची गत याहून वाईट. दुकानाचा हिशेब टीव्हीवर करणारे गृहस्थ दुहेरी भिंगाच्या खालच्या भागातून पाहायला मान आणखी मागे टाकतात. अशांना मी नवा चष्मा देत नाही. टीव्ही खाली उतरवून टेबलावर ठेवा म्हणतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. एवढ्याने मानेला पुष्कळ आराम पडतो.

दुसरी गोष्ट अंतराची. ३२ इंची साध्या एचडी टीव्हीवर आडव्या ओळीत १३६६ ठिपके असतात, तर २२ इंची फुल एचडी मॉनिटरवर १९२०. म्हणजे टीव्हीचा एक ठिपका सुमारे अर्धा मिलिमीटर, मॉनिटरचा पाव. सहा फुटांवरून हा फरक कळत नाही. दीड-दोन फुटांवरून अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. मागे सरकावे तर अक्षर बारीक होते, म्हणून मूल पुन्हा पुढे सरकते. यावर उपाय म्हणजे संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठे करणे आणि खुर्ची चार-पाच फुटांवरच ठेवणे.

टीव्हीतही थोडा बदल करावा. भडक रंगांचा मोड बंद करावा, ‘पीसी’ मोड असल्यास तो लावावा, ‘शार्पनेस’ कमी करावा. पडद्याशेजारी पांढरा कागद धरून पाहावा. पडदा कागदापेक्षा खूप झगझगीत दिसला, तर उजेड कमी करावा. अंधाऱ्या खोलीत काम करू नये. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद तरी खिडकीबाहेर दूरवर पाहावे.

एवढे केले तर तास-दीड तासाच्या कामाला टीव्ही पुरेसा आहे; मुलाच्या मनात उगाच भीती घालू नये. रोज चार-पाच तास लिहिण्या-वाचण्याचे काम असेल, तर मात्र वापरलेला का होईना, वेगळा मॉनिटर घ्यावा. आणि वाचलेल्या पैशांचा हिशेब करणाऱ्या पालकांनी एक फुकटचे औषधही लक्षात ठेवावे. मूल रोज दोनेक तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळले, तर लांबचे न दिसण्याचा दोष जडण्याची शक्यता कमी होते. मूल डोळे बारीक करून फळा पाहू लागले, तर मात्र टीव्हीला दोष देत न बसता त्याचे डोळे तपासून घ्यावेत.