सहा हजारांत उस्ताद टिकत नाही

आपल्या शैक्षणिक जलशांमध्ये हल्ली एक नवी तक्रार ऐकू येते. डी.एड., बी.एड. झालेली पोरं-पोरी शाळा सोडून पुण्याला जातात, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास लावतात आणि कुठल्यातरी कंपनीत चिकटतात. मंचावरून सांगितले जाते की तालीम देणे हा पेशा-ए-पैगंबरी आहे आणि तो सोडून पगारामागे धावणे ही कौमशी बेइमानी आहे. खाली बसलेले लोक मान डोलावतात. मंचावर संस्थेचे अध्यक्ष बसलेले असतात, तेही मान डोलावतात.

माझे भांडण त्या अध्यक्षांच्या मानेशी आहे.

आधी हिशेब करू. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षे मानधनावर राबायचे, मग कायम व्हायचे. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला कित्येक वर्षे महिन्याला ६,००० रुपये मिळत होते, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,०००. ते २०२३ साली १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले, तेही उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर. ही मान्यताप्राप्त पदावरच्या माणसाची कथा. विनाअनुदानित शाळेत, तासिका तत्त्वावर किंवा मोहल्ल्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत महिनाअखेर हातात काय पडते, हे ज्याच्या घरात अशी बहीण किंवा भाऊ आहे त्याला सांगायला नको. आजही तिथे सहा हजारांचा आकडा जुना झालेला नाही.

बरे, नोकरी तरी आहे का? मे २०१२ मध्ये शासनाने नवी शिक्षकभरती थांबवली. २०१३ पासून टीईटी आली. २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आले. २०२१ च्या अखेरीस टीईटीचा घोटाळा उघडकीला आला, परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली आणि पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक बाकी आहेत, त्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे लागेल. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला. ज्याने २०१० साली डी.एड. केले त्याची पंधरा वर्षे या जाहिराती, चाचण्या आणि याचिकांची वाट पाहण्यात गेली. त्याने टेस्टिंगचा क्लास लावला तर बेइमान कोण?

आता आपल्या घरातले बोलू. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असा निकाल दिला. हा हक्क मोलाचा आहे आणि तो टिकला पाहिजे, यात मला शंका नाही. पण तो कशासाठी मागितला होता? आपल्या मुलांना आपल्या माणसांनी, आपल्या भाषेत, चांगले शिकवावे म्हणून. अनेक संस्थाचालकांनी त्याचा अर्थ असा लावला की नेमणूक आमच्या हातात, म्हणजे जागेचा भावही आमच्या हातात. अनुदानित जागा निघाली की आकडा ठरतो. बापाने शेत विकायचे, आईने दागिने मोडायचे, आणि त्या रिश्वतीला नाव द्यायचे इमारत निधी. विनाअनुदानित शाळेत पगार बँकेत जमा होतो आणि त्यातला अर्धा रोखीने कार्यालयात परत जातो. सही मात्र पूर्ण पगारावर. कुराणात मापात मारणाऱ्यांच्या नावाने एक अख्खी सूरह आहे. ती या शाळांच्या परिपाठात रोज पढली तरी चालेल, फक्त कार्यालयापर्यंत आवाज जाईल असा लाउडस्पीकर लावा.

यात सर्वात जास्त भरडल्या जातात बायका. आपल्याकडे मुलीने डी.एड. केले की घरचे निर्धास्त होतात: शाळा जवळ, वेळ ठरलेली, लोक काही बोलत नाहीत. संस्थेलाही हे ठाऊक असते. ती मुलगी दुसऱ्या गावी जाणार नाही, भांडणार नाही, हे धरूनच तिचा पगार ठरतो. दर जानेवारीत फातिमा शेख यांच्या नावाने भाषणे होतात, आणि भाषणाच्या खुर्च्या लावण्याचे कामही त्याच पाच-सहा हजारांतल्या शिक्षिकेकडे येते. अशी एखादी मुलगी रात्री मुलांना झोपवून एसक्यूएल शिकते, घरून करता येईल असे काम शोधते, तर तिला दुनियादार म्हणण्याचा हक्क कोणाला आहे?

‘पेशा-ए-पैगंबरी’ हा शब्द मी हलका करत नाही. पण इमाम अबू हनिफा रेशमी कापडाचे व्यापारी होते. फिकहचा एवढा मोठा उस्ताद आपल्या भाकरीसाठी कोणा अध्यक्षाच्या दारात उभा नव्हता. कसबाने पोट भरणे आणि इल्म वाटणे यांत आपल्या बुजुर्गांना विरोध दिसला नाही. तो आपल्याला दिसतो, कारण फुकटात उस्ताद हवा असला की हा विरोध उपयोगी पडतो.

आणि टेस्टिंग म्हणजे काही तरी हलके, कारकुनी काम, हाही एक गैरसमज आहे. सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी ते कुठे मोडते हे शोधायचे आणि जे दिसले ते जसेच्या तसे लिहून द्यायचे, हे टेस्टरचे काम. पैगंबरांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतला ओलावा बाहेर काढून विक्रेत्याला जाब विचारला, ती हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वरचे कोरडे धान्य पाहून समाधान न मानणे, हेच या धंद्याचे मूळ आहे.

शिक्षकाला ते जमते, कारण तो आयुष्यभर तेच करत आला आहे. गुण भरण्याचा एक साधा फॉर्म घ्या. शून्य ते शंभर गुण घ्यायचे आहेत. टेस्टर शून्य आणि शंभर भरून पाहतो, उणे एक आणि एकशे एक भरून पाहतो, रकाना रिकामा ठेवून पाहतो. याला सीमामूल्यांची तपासणी म्हणतात. शिक्षक त्याच्या पुढे एक प्रश्न विचारतो: गैरहजर मुलाचे काय? संगणकाने त्याला शून्य दिले तर तो नापास होतो, सरासरी बिघडते आणि बाप शाळेत येतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही, निकालपत्रके लिहून कळते.

आपल्या माणसाला आणखीही काही दिसते. मराठवाड्यात नाव ‘शेख अमुक शेख तमुक’ असे लिहितात. फॉर्म नाव, वडिलांचे नाव, आडनाव मागतो. एका कागदावर शेख आधी येतो, दुसऱ्यावर शेवटी जातो, तिसऱ्यावर गळतो, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो. उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे चालतो, पण त्यातला फोन नंबर डावीकडून उजवीकडे वाचायचा असतो. नीट तपासले नाही तर पडद्यावर सगळी खिचडी होते. उर्दू, मराठी, हिंदी आणि कामापुरते इंग्रजी जाणणारी शिक्षिका त्या टेबलावर बसली असेल तर हा दोष गिऱ्हाइकापर्यंत पोहोचणार नाही.

पण जाणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. क्लासवाले सांगतात की कोडिंग यायची गरज नाही, तीन महिन्यांत नोकरी पक्की. हे खोटे आहे. नुसत्या हाताने टेस्टिंग करणाऱ्यांची मागणी घटते आहे. सेलेनियमसारखी साधने, थोडी जावा किंवा पायथन, एसक्यूएल, एपीआय तपासणी, एवढे शिकावेच लागते. टेस्ट केस लिहून देणारी एआय साधने आता आली आहेत, त्यामुळे नवशिक्याची वाट आणखी अरुंद झाली आहे. आयएसटीक्यूबीची पायाभूत परीक्षा चाळीस प्रश्नांची असते, सव्वीस बरोबर आले की उत्तीर्ण. शिक्षकाला ती जड नाही, पण ते प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे.

यापेक्षा वाईट म्हणजे काही क्लास दोन-तीन वर्षांचा बनावट अनुभव विकतात. अस्तित्वात नसलेली कंपनी, खोटी पगारपत्रके, मुलाखतीत पाठ म्हणायचा खोटा प्रकल्प. इथे माझी विनंती नाही, विरोध आहे. ज्याने पैसे देऊन मास्तरकी विकत घ्यायला नकार दिला, त्याने पैसे देऊन अनुभव विकत घ्यावा? टेस्टरच्या शब्दाला किंमत एवढ्याचसाठी असते की तो जे पाहिले तेच लिहितो. खोट्या कागदावर आत शिरलेला माणूस पहिल्या दिवसापासून स्वतःच एक दोष असतो. शिवाय मागील नोकरीची पडताळणी होते आणि वर्षभराने काढलेल्या माणसाला पुन्हा कोणी उभे करत नाही. आठ वर्षे वर्ग सांभाळला हे बायोडाटात छातीठोकपणे लिहा. पगार सुरुवातीला कमी मिळेल, पण तो हलाल असेल.

यावर एक प्रश्न रास्त आहे: सगळे चांगले शिक्षक गेले तर गरिबाच्या पोराला कोण शिकवणार? नुकसान खरे आहे, आणि ते गणिताच्या तासाला रिकाम्या खुर्चीसमोर बसलेल्या मुलाचे आहे. म्हणूनच जबाबदारी नेमकी कोणाची ते बोलले पाहिजे. गुन्हेगारीची भावना लादून शिक्षक टिकत नाही, पगाराने टिकतो. प्रत्येक संस्थेने नेमणुका आणि पगार फलकावर लावावेत. रोखीने परत घेणे बंद करावे. मोहल्ल्याने चंदा देताना नव्या मिनाराआधी शाळेचे पगारपत्रक मागावे. आणि ज्यांना जायचेच आहे त्यांच्यासाठी बैतुलमालातून सहा महिन्यांचे बिनव्याजी कर्ज द्यावे, म्हणजे ती मुले बनावट अनुभव विकणाऱ्याच्या दारात जाणार नाहीत.

पुढच्या जलशात पेशा-ए-पैगंबरीवर बोलायला अध्यक्षसाहेब उभे राहिले की त्यांना अदबीने एक प्रश्न विचारा: साहेब, गेल्या महिन्यात तुमच्या शाळेतल्या सर्वात नव्या शिक्षिकेच्या हातात नेमके किती रुपये पडले? उत्तर मिळाल्यावरच भाषण सुरू होऊ द्या.