मालकाचा क्लब आणि पेठेची तालीम

धेंपो स्पोर्ट्‌स क्लब २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगच्या मैदानावर पुन्हा उतरला, तेव्हा गोमंतकीय फुटबॉलप्रेमींना झालेला आनंद आम्ही समजू शकतो. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही संघांनी त्या स्पर्धेतून अंग काढून घेतले होते. कारण सबळ होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन सुपर लीगला उच्चासनावर बसवून आय-लीगला खालची पायरी दाखविण्याचा घाट घातला होता. ज्यांनी वर्षानुवर्षे या खेळावर पैसा ओतला, त्यांना तो अपमान वाटला असल्यास नवल नाही. पण त्या निर्णयाची एक बाजू तेव्हा फारशी चर्चिली गेली नाही. क्लब मागे घ्यावा की नाही हे ठरविताना फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर उन्हापावसात बसणाऱ्या माणसाला कोणी विचारले नाही, आणि विचारण्याची सोयही नव्हती. तो प्रेक्षक होता. क्लबच्या कारभारात त्याला मत नव्हते.

या उद्योगघराण्यांचे ऋण नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. साळगावकर संघाने १९८८ मध्ये फेडरेशन चषक गोव्यात आणला आणि १९९८-९९ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, २००८ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकाची उपांत्य फेरी गाठली. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात वर्षे देशाचे अजिंक्यपद धेंपो, चर्चिल ब्रदर्स वा साळगावकर यांच्यापैकी कोणाकडे तरी, म्हणजे या चिमुकल्या राज्यातच राहिले. कोलकात्याच्या लाखोंच्या पाठबळापुढे हा पराक्रम लहान नव्हे. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकर संघाच्या गोलात उभे राहिले, भारताचे कर्णधार झाले आणि १९९७ मध्ये अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. फुटबॉल हा केवळ सासष्टीचा खेळ असा जो समज आपल्यातील अनेक हिंदू घरांत होता, तो अशा खेळाडूंनी पुसून टाकला. धेंपो घराण्याविषयी तर आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. २००९ मध्ये त्यांनी आपला खाणव्यवसाय सेसा गोवा कंपनीला विकला, क्लब मात्र विकला नाही.

परंतु मालकाच्या सद्‌भावनेवर उभी असलेली संस्था त्या सद्‌भावनेइतकीच टिकाऊ असते. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जेसीटी संघ २०११ मध्ये बंद झाला. २००५-०६ चा विजेता, मुंबईचा महिंद्र युनायटेड, त्याच्या आदल्याच वर्षी इतिहासजमा झाला होता. ताळेबंदाच्या एका ओळीवर खाट मारली की संघ संपला! त्यांचे चाहते कोठे दाद मागणार होते?

घाट चढून गेले की याच्या अगदी उलट चित्र दिसते. कोल्हापुरातील फुटबॉल संघांची नावेच पाहावीत: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. शिवाजी पेठेचे शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे, फुलेवाडी क्रीडा मंडळ आहे. कुस्तीच्या या नगरीत राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले. पुढे लाल मातीतला जोर ओसरला, तरी तालीम मोडली नाही. तिच्याच नावाने पोरे फुटबॉल खेळू लागली. गणपती तालमीचा, शिवजयंती तालमीची, आणि शाहू स्टेडियमवर उतरणारा संघही तालमीचाच. वर्गणी पेठ देते, खेळाडू पेठेतून येतो, हरल्यावर शिव्या देण्याचा अधिकारही पेठ स्वतःकडे राखते. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या साखळीत अशा संघांची संख्या डझनाहून अधिक आहे, आणि त्यांच्या सामन्यांना जमणारी गर्दी पाहून आय-लीगमधील कित्येक संघांना असूया वाटावी. यातील एखादा संघ बंद करण्याचे कोणी मनात आणले तरी तो बंद करणार कोण? पेठेला टाळे लावता येत नाही.

अर्थात या चित्रालाही काळे डाग आहेत. पेठेचा अभिमान पेठेच्या वैरात बदलण्यास वेळ लागत नाही. समर्थकांच्या हाणामारीपायी सामने थांबविण्याची वेळ तेथे आलेली आहे. ईर्षेपोटी परदेशी खेळाडू पैसे मोजून आणण्याची चढाओढ लागली, तेव्हा वर्गणीच्या पैशाने घरच्या पोराला बाकावर बसविल्यासारखे झाले. आणि मुख्य उणीव अशी की, या उत्साहाला वर चढण्याची शिडी नाही. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा; पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. राष्ट्रीय पातळीवर परवाना हवा तर कायदेशीर कंपनी, लेखापरीक्षित हिशेब, वयोगटांचे संघ, पगारी प्रशिक्षक हे सारे दाखवावे लागते. गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकावर ते भागत नाही.

मग पैसा मालकाचा आणि जीव पेठेचा, असे दुभंगलेपण अटळच मानायचे काय? आम्हाला तसे वाटत नाही. बार्सिलोना आणि रेआल माद्रिद हे जगातील धनाढ्य क्लब आजही सभासदांच्या मालकीचे आहेत, अध्यक्ष सभासद निवडतात. जर्मनीने १९९८ मध्ये क्लबांना कंपन्या स्थापण्याची मोकळीक दिली, परंतु मतांचे बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहील अशी अट घातली. काही जुन्या कंपनी-क्लबांना तेवढी सूट मिळाली. धनिकाला तेथे मज्जाव नाही, त्याला फक्त एकट्याने दार लावून घेता येत नाही.

गोवा सरकारने २०१२ मध्ये फुटबॉलला राज्यक्रीडेचा दर्जा दिला. मैदाने, अनुदाने, प्रशिक्षक यांवर जनतेचा पैसा खर्च होतो, आणि गावोगावचे छोटे क्लब आजही वर्गणीवर व दोन-चार हौशी माणसांच्या खांद्यांवर चालतात. अशा क्लबांना नियमित हिशेब ठेवण्यास आणि मुलांचे संघ बांधण्यास क्रीडाखात्याने हात द्यावा. मोठ्या क्लबांनीही नाममात्र वर्गणी घेऊन चाहत्यांना सभासद करावे, कार्यकारिणीवर त्यांचे दोन-तीन प्रतिनिधी घ्यावेत. स्पर्धेतून माघार, क्लबची विक्री वा नावात बदल असे निर्णय त्यांच्या सभेपुढे आल्याशिवाय होऊ नयेत. जो क्लब यास तयार नसेल, त्याने आपल्या पैशाने खुशाल खेळावे. सार्वजनिक मैदान सवलतीच्या दराने मागताना मात्र त्याची नोंदवही क्रीडाखात्याने अवश्य उघडून पाहावी.